राखेत कार्बन नसतो

"हे बाबा आहेत," मनन म्हणाला, आणि त्याने ती डबी मटारच्या ताटाशेजारी ठेवली.

कमलला आधी वाटलं, आत एखादा फोटो असेल. चिंतामणींना जाऊन वर्ष झालं होतं. कालच धारला, थोरले दीर गोपाळराव यांच्या घरी, वर्षश्राद्ध झालं होतं, आणि मायलेक रात्रीचं जेवण करून देवासला परतले होते. तिने हातातली शेंग सोलली, दाणे ताटात सोडले आणि मग डबीत पाहिलं. काळ्या मखमलीवर एक अंगठी होती. अंगठीत ज्वारीच्या दाण्याएवढा निळसर खडा. खिडकीतून येणारं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि तो, ज्याला काही कळत नाही अशा निर्लज्ज आनंदाने, चमकत होता.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशी सकाळी आपल्या इथे स्मशानात अस्थी गोळा केल्या ना, तेव्हा थोडी रक्षा मी बाजूला काढून ठेवली होती. एक कंपनी आहे, आई. ते त्याच्यातून हिरा बनवतात. तुला तर माहितीच आहे सगळं, प्रेशर, टेम्परेचर वगैरे. कालच देणार होतो, पण तिथे सगळे होते. एकदम रियल डायमंड आहे. तू रोज घालू शकतेस."

"निळा का?" तिने विचारलं. इतक्या सगळ्यातून तोंडून बाहेर आला तो हाच प्रश्न, मास्तरणीचा.

"बाबांच्या हाडांत बोरॉन होतं म्हणे. प्रत्येकाचा कलर वेगळा येतो. बाबांचा निळा आला."

बाबांचा निळा आला. कमलने देवासच्या मुलींच्या शाळेत अख्खी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली होती. हिरा आणि ग्रॅफाइट, एकाच कार्बनची दोन रूपं, हा धडा तिने इतक्या वर्गांना शिकवला होता की फळ्यावर हिऱ्याची जाळी काढताना तिला मान वर करावी लागत नसे. पण आत्ता तिला शास्त्र आठवत नव्हतं. आत्ता तिच्या तळपायांपासून काहीतरी तापत वर येत होतं, आणि ते रडू नव्हे, हे तिला पक्कं कळत होतं. ती उठली. कुकरखालचा गॅस बंद केला. मटारवर झाकण घातलं. आत जाऊन साडी बदलली, पर्स घेतली आणि चपला पायात सरकवत म्हणाली, "मी वन्संकडे चालले, धारला."

"आत्ता? आई, आपण काल तर आलो तिथून. काय झालं यार? बरं, थांब, मी गाडी काढतो."

"बसने जाईन."

"तुला आवडलं नाही का?"

ती दाराशी गेलेली परत फिरली, टेबलावरची डबी टपकन मिटली आणि पर्समध्ये टाकली. का, ते तिलाही कळलं नाही. एवढंच वाटलं, की तो खडा घरात मननजवळ एकटा राहायला नको.

इंदूरला बस बदलून गंगवालच्या स्टँडवरून धारची बस मिळाली तेव्हा तिला खिडकीची जागा मिळाली. राग माणसाला बसायला देत नाही असं म्हणतात, पण तिला बसवत होतं; नुसतं बसून, पर्स मांडीवर घट्ट धरून, खिडकीबाहेरच्या गव्हाच्या शेतांवर डोळे लावून ती रागावू शकत होती. चिंतामणी आणि अंगठी! लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी त्यांनी सोळाव्या दिवशी काढून तिच्या हातात दिली होती. "मशीनवर चालत नाही," म्हणाले होते. देवासच्या औद्योगिक वसाहतीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ग्राइंडिंगच्या खात्यात होते, आणि तिथे कुणा कारागिराचं बोट अंगठीसकट गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या बोटांत कधी काही दिसलं नाही. नवीन लग्न झालेलं असताना तिने एकदा, टीव्हीवरची जाहिरात बघून असेल, हिऱ्याच्या कुड्यांचा विषय काढला होता. त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परवानगी घेऊन एक वस्तू दाखवायला घरी आणली. बोटभर लांबीचा लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला तपकिरी, ओबडधोबड, गुळाच्या खड्यासारखा एक कण. "हा बघ हिरा," ते म्हणाले, "ग्राइंडिंगचं चाक वेडंवाकडं झिजलं की याने ते सरळ करायचं. दिवसभर दगडाशी भांडतो बिचारा. तुझ्या त्या जाहिरातीतल्या हिऱ्याला काय काम असतं? उजेड खायचा आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांत फेकायचा." तिने तो कण बोटाने चाचपला होता. अजिबात सुंदर नव्हता. आणि त्याला पुन्हा फडक्यात गुंडाळताना त्यांचे हात किती हळू झाले होते! आता त्याच माणसाला पकडून, दाबून, पैलू पाडून मखमलीवर बसवलं होतं. बिनकामाचा. उजेड खाणारा.

आणि दाबून म्हणजे किती दाबून! ज्या माणसाला शर्टाचं वरचं बटण सहन होत नसे. थंडीतसुद्धा डोक्याजवळची खिडकी उघडी लागे, बंद केली की झोपेत उठून पुन्हा उघडत. कुणी मोठ्याने बोललं तर ते खोलीतून निघून जात, वाद घालत नसत, दडपणाखाली आले की नुसते गप्प होत. आणि शेवटी फुप्फुसंच दगडासारखी कडक होत गेली, श्वास आत जाईना. डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावलं होतं तेव्हा तिच्या मनात आलं होतं, ह्या माणसाला आतून दाबतायत. ते सगळं संपलं, एकदाचे सुटले, असं तिने चितेचा धूर लांबून पाहताना स्वतःला बजावलं होतं. आणि ह्या कंपनीच्या लोकांनी त्यांना यंत्राच्या जबड्यात परत घातलं. हजारो वातावरणांचा दाब, भट्टीसारखी उष्णता, आठवडेच्या आठवडे. कुणाला विचारून?

त्यात ते खोटं. बस घाटाबिल्लोदपर्यंत आली तेव्हा तिला शास्त्र आठवायला लागलं, आणि राग आणखी निर्मळ झाला. चितेत माणसाचा कार्बन राहतच नाही! तो जळून वायू होतो. चिंतामणींचा कार्बन त्याच दुपारी देवासच्या हवेत गेला. वारा टेकडीकडे होता, तिथल्या कडुलिंबांनी घेतला असेल, कुणाच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात गेला असेल. मागे उरते ती हाडांची राख, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्याचा हिरा होत नाही. त्याचं फार तर झाडांना खत होईल. मग ह्या लोकांनी हिरा कशाचा केला? बाहेरचा कार्बन आणून. कुठल्या तरी ग्रॅफाइटच्या पुडीतून. आणि निळा रंग! बोरॉनने हिरा निळा होतो हे खरं, पण बोरॉन घालता येतं, चिमूटभर पुरतं. निळा विकला जातो म्हणून निळा. आणि तिचा मुलगा, घरी तिच्याच हाताखाली दहावीचं रसायन शिकलेला, पुण्यात एवढ्या मोठ्या कंपनीत इंजिनियर, तिला सांगतो, बाबांचा निळा आला. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली असावी, कारण शेजारची बाई म्हणाली, "क्या हुआ बेन? तबियत ठीक है?" कमल म्हणाली, "ठीक है," आणि तिला जाणवलं की तिने दात इतके आवळलेत की कानशिलं दुखतायत.

पण धार जवळ येऊ लागलं तसं तिला असंही जाणवलं की राग कंपनीवर फार टिकत नाहीये. तो घसरून मागे जातोय. त्या दिवसावर, जेव्हा अस्थी नर्मदेला नेल्या. गोपाळरावांनी अग्नी दिला होता, कारण मननचं विमान धुक्यात अडकलं. तो पोचला तो तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करायच्याच वेळेला. दहाव्याच्या आधी सगळे पुरुष गाड्यांतून नेमावरला निघाले. मातीचं मडकं लाल फडक्यात बांधलेलं होतं. कमल दाराशी येऊन म्हणाली होती, "मीही येते." कोणी 'नाही' असंसुद्धा म्हणालं नाही. गोपाळरावांनी खाली पाहिलं. मननने घड्याळात पाहिलं. आणि वन्सं आतून म्हणाल्या, "बायका जात नाहीत गं," जशा त्या म्हणतात की आमटीत मीठ कमी आहे. दोन वर्षं त्यांना भरवणारी, कूस बदलवणारी, त्यांचा शेवटचा श्वास आपल्या मनगटावर घेतलेली ही बाई चौकटीत उभी राहिली आणि गाड्या गेल्या. तिने रक्षेला हात लावला नव्हता. तिला ती दिसलीसुद्धा नव्हती. आणि त्याच रक्षेतून चार-पाच मुठी ह्या पोराने खिशात घालाव्यात तशा काढून घेतल्या होत्या. तिला दाराशी उभं ठेवून!

वन्संचं, म्हणजे चिंतामणींच्या मोठ्या बहिणीचं, नाव भवानीबाई. त्या धारच्या बाहेर नव्या कॉलनीत दोन खोल्यांत एकट्या राहत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची टाकून बसत. दारात कमलला पाहून त्यांनी टीव्ही बंद केला, हे विशेष होतं.

"काल गेलीस, आज आलीस. भांडून आलीस?"

कमलने डबी काढून त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. कार्बनचं सांगितलं नाही. फक्त रक्षेचं आणि यंत्राचं. सांगताना तिला वाटत होतं, वन्सं आता उसळतील, धर्म काढतील, मननला फोन लावायला सांगतील. काही झालं तरी आपल्या बाजूला कुणीतरी येईल. वन्संनी अंगठी चष्म्याजवळ धरली, मग गालाला लावली. डोळे मिटले.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "चिंतू असा गार कधी नव्हता. लहानपणी थंडीत आम्ही त्याचे हात पकडून बसायचो. शेगडी होता नुसता."

"हिरा गारच लागतो, वन्सं. तो अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. तांब्यापेक्षासुद्धा जास्त."

"म्हणजे ऊब माझीच घेणार आणि मलाच गार लागणार?" वन्सं हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. "मग आहे की गं थोडा चिंतूसारखा."

कमलला हे सहन झालं नाही. ह्यांनाही पटलं! हा चोरलेला, बनवलेला, रंगवलेला खडा ह्यांनी एका मिनिटात भाऊ म्हणून गालाला लावला. ती म्हणाली, आणि आवाज चढलेला तिला ऐकू आला, "तो चिंतू नाहीये. त्याच्यात तुमच्या भावाचं काही नाही. बाहेरून आणलेल्या काजळीचा खडा आहे तो. राखेत कार्बन नसतोच. हाडाची राख ही नुसती चुन्यासारखी राख असते, तिचा हिरा होऊच शकत नाही. त्यांनी त्याला फसवलं, त्याने मला फसवलं, आणि तुम्ही..."

"हळू बोल. मग ती रक्षा कुठे गेली?"

"कुठली?"

"पोराने दिलेली. तू म्हणतेस तिचा खडा झालाच नाही. मग ती आहे कुठे?"

 इतक्या तासांच्या रागात हा प्रश्न कमलच्या मनात आलाच नव्हता. ती, जी वर्गात मुलींना सांगत असे की पदार्थ कुठे जात नाही, प्रत्येक कणाचा हिशेब लागतो, ती. तिने मननला फोन लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"उरलेली रक्षा कुठाय?"

पलीकडे गाडीचा आवाज होता. तो आधीच निघाला होता तर. "त्यांनी परत पाठवली, आई," मनन म्हणाला. "ऑलमोस्ट सगळीच. पिशवी आहे एक. पुण्याहून आणलीये मी. डिक्कीत आहे. तुला कसं सांगायचं ते समजत नव्हतं."

"डिक्कीत," कमल म्हणाली. "स्टेपनीशेजारी."

"आई, प्लीज."

तो आला तेव्हा ऊन कललं होतं. तो आत येऊन वन्संच्या पाया पडला आणि खाली मान घालून उभा राहिला, तसा मोठा, दाढीत दोन पांढरे केस आलेला, आणि तरीही शाळेत काच फोडून आल्यासारखा. कमलने त्याला बसायला सांगितलं नाही. "आत्ता खलघाटला जायचं," ती म्हणाली. "नर्मदेवर. मी सोडणार आहे."

"गोपाळकाकांना फोन करू का? गुरुजी वगैरे..."

"कोणालाही फोन करायचा नाही."

मग ती वन्संकडे वळली. भांडणाची पूर्ण तयारी तिच्या चेहऱ्यावर होती. "म्हणा आता. बायका जात नाहीत म्हणा."

वन्संनी हातातल्या अंगठीकडे पाहिलं. "आईच्या वेळी मी पण विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मला आत्याने हेच सांगितलं. मी ते तुला सांगितलं. त्याहून जास्त काही नव्हतं त्यात." त्यांनी अंगठी डबीत ठेवून डबी कमलच्या हातात दिली. "जा तू. माझे गुडघे पायऱ्या उतरायचे नाहीत, नाहीतर मी पण आले असते."

कमलला राग काढायला आणखी एक माणूस हवं होतं आणि तेही हातातून गेलं. ती बाहेर आली आणि गाडीत पुढे बसली.

धामनोदचा उतार लागला. ट्रक एकामागून एक घाट उतरत होते आणि ब्रेकचा करपट वास काचा बंद असूनही आत येत होता. शेवटी मनन म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"राखेत कार्बन नसतो ते. त्या लोकांनीच सांगितलं होतं, वरून घालावा लागतो म्हणून. आणि तूच शिकवलंयस की. मी काय विसरलो थोडाच." तो रस्त्याकडेच बघत होता. "मी पोचलो तेव्हा नुसती राख होती, आई. तू त्यांचा हात धरून होतीस. काकांनी अग्नी दिला. मला आल्या आल्या एक बादली पाणी आणि चिमटा दिला, बोलले, अस्थी वेच. माझ्या हाताला धरण्यासारखं काही लागलंच नाही. बोटांतून पडून जात होतं सगळं. मला काहीतरी पकडायला हवं होतं. कडक. खरं का खोटं, मी त्याचा विचार नाही केला."

  ह्याचं दुःख खरं आहे, हे कमलला कळत होतं. त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघितलं तर हात थेट चिंतामणींचे होते, रुंद, आखूड बोटांचे. पण दुःख खरं असलं म्हणजे सगळ्याची परवानगी मिळते का? तिचं दुःख काय दाराशी उभं राहून खोटं झालं होतं?

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं होतं."

 तिने पर्समधून डबी काढली आणि गिअरजवळच्या खाचेत ठेवली. "हा तुझा आहे. बोटात घाल, कपाटात ठेव, मला काही म्हणायचं नाही. पण याला बाबा म्हणायचं नाही. माझ्यासमोर तर नाहीच. आणि जपून ठेव. हिऱ्यावर ओरखडा येत नाही, पण हातोडी बसली तर दुभंगतो. लोकांना वाटतं, कठीण म्हणजे मजबूत."

"हो, मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, आणि तिला क्षणभर हसू आलं, म्हणून ती आणखी चिडली.

खलघाटला पुलावरून ट्रकांचा अखंड घरघराट चालू होता आणि खाली नदी मात्र रुंद, संथ, संध्याकाळच्या उजेडात पितळी दिसत होती. घाटावर फार कुणी नव्हतं. एक बाई चादरी आपटत होती. दोन म्हातारे परिक्रमावासी पायऱ्यांवर काठ्या आडव्या टाकून तंबाखू मळत बसले होते. मननने डिक्कीतून पिशवी आणली. जाड, पांढरी, कंपनीचं चकचकीत नाव छापलेली. आत दुसरी पारदर्शक पिशवी. कमलने छापलेली पिशवी काढून त्याच्या हातात परत दिली आणि आतली दोन्ही हातांनी घेतली. वजन लागलं. तिला वाटलं होतं, राख म्हणजे हलकी असेल.

एक म्हातारा म्हणाला, "माताजी, नीचे काई है. संभालके." ती चपला काढून शेवाळलेल्या पायऱ्यांवरून जपून उतरली. तिसऱ्या पायरीवर पाणी घोट्यापर्यंत आलं, थंड. मननने मागून तिचा दंड धरला आणि तिने तो झटकला नाही. गाठ सुटेना तेव्हा तिने दातांनी पिशवी फाडली. आत हात घातला.

तिला वाटलं होतं तशी ती मऊ नव्हती. खरखरीत होती, बारीक वाळूसारखी, मधे मधे टोचणारे तुकडे असलेली, करडी, कोरडी. तिच्या हातांच्या रेषांत ती जाऊन बसली. कॅल्शियम, फॉस्फेट, तिचं मन म्हणालं, आणि पहिल्यांदाच त्या शब्दांनी तिला कशापासून लांब नेलं नाही. चाळीस वर्षं ज्या खांद्यावर डोकं ठेवलं, तो खांदा हा. जे गुडघे तिने तेल लावून चोळले, ते हे. ह्यात काही मिसळलेलं नव्हतं. ह्याला कोणी पैलू पाडले नव्हते. तिने मूठ पाण्याखाली नेली आणि बोटं सैल केली. राख तरंगेल असं तिला वाटलं होतं, पण ती सरळ खाली गेली. पांढुरकी, एका बाजूला किंचित कललेली, प्रवाहाला न जुमानता आपल्या वजनाने खाली. मग दुसरी मूठ. तिसरी. ती घाई करत नव्हती. कुठलाही मंत्र तिला येत नव्हता आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. रडू कधी सुरू झालं ते तिला कळलं नाही. एवढंच कळलं की नाक वाहतंय आणि हात राखेचे आहेत, म्हणून पुसता येत नाही.

पिशवी तळाला आली तेव्हा मननचा हात तिच्या दंडावर हलला.

"आई," तो म्हणाला, "शेवटची मी सोडू का?"

तिने वळून पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. तो पाण्यात बुटांसकट उभा होता, पँट पोटऱ्यांपर्यंत भिजली होती, आणि त्याने हात पुढे केला होता, तळवा वर करून.

"नाही," कमल म्हणाली. "तू घेतलीस तुझी."

आणि तिने पिशवी उलटी करून पाण्यात झटकली, आत पाणी भरून खळबळून पुन्हा ओतली, एक कणही मागे राहू नये म्हणून. तो तिला धरून उभा राहिला.